चाळणीखालच्या बायका

काही माणसं जन्माला येतात तीच सत्कार स्वीकारायला. मधली वर्षं त्यांना उगाच कुठेतरी नोकरी करून काढावी लागतात, एवढंच. आमचे संशोधकमहाशय त्यातले. स्तनाच्या कॅन्सरवरच्या उपचारांच्या अभ्यासात त्यांची उभी हयात गेली, आणि त्या हयातीत त्यांनी ज्याला तुच्छ मानलं नाही असा माणूस दाखवा म्हटलं, तर त्यांच्यापुढे आरसाच धरावा लागेल. शस्त्रक्रिया करणारे त्यांच्या लेखी खाटीक. किरण देणारे भट्टीवाले. आकडेमोड बघणारे कारकून. आणि रुग्ण? रुग्णांच्या दोनच जाती. दिलेली गोळी निमूट गिळते ती 'गुणी बाई', आणि गोळी घेतल्यावर "डॉक्टर, मला असं असं होतंय हो" म्हणते ती 'रडूबाई'. एवढी वर्गवारी करायला म्हणे अर्धं आयुष्य शिकावं लागतं!

संस्थेच्या वरच्या मजल्यावर त्यांची खोली. भिंतभर कपाट, कपाटभर स्मृतिचिन्हं. काचेची, पितळेची, एक तर लाकडी पायावर बसवलेलं भलंमोठं पेन, ज्याने लिहिता येत नाही. सगळी अशी मांडलेली की समोर बसणाऱ्याला आधी नाव दिसावं आणि मग महाशय. खाली तळमजल्यावर बाकांवर बायका बसलेल्या असायच्या. डोक्याला रुमाल, मांडीवर फायली, शेजारी कंटाळलेला नवरा नाहीतर मुलगी. तिथून फरशीवर एक निळी पट्टी निघायची ती थेट किरणोपचाराच्या दारापर्यंत जायची. त्या पट्टीवरून महाशय कधी चालल्याचं कुणाला आठवत नाही. मागच्या दाराने यायचं, लिफ्टचं बटण दाबायचं, वर. रुग्णांवर संशोधन करणाऱ्याने रुग्णांत मिसळलंच पाहिजे असा कुठे नियम आहे?

त्यांची कीर्ती झाली ती एका गोळीवर. पाळी गेलेल्या वयात पुष्कळ बायकांची गाठ शरीरातल्या संप्रेरकावर पोसते. गाठ काढली, किरण दिले, तरी रोग परत येऊ नये म्हणून त्या संप्रेरकाचं नाक दाबणारी गोळी वर्षानुवर्षं रोज घ्यायची असते. अशी एक जुनी गोळी बाजारात होतीच, आणि ती चांगली होती. महाशयांनी नवी आणली. मग काय विचारता! आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. त्या दिवसापासून जुन्या गोळीचं नाव काढलं तरी त्यांच्या नाकाला मुरड पडायची.

नव्या गोळीची परीक्षा घ्यायची तर चिठ्ठ्या टाकतात. निम्म्या बायकांना नवी, निम्म्यांना जुनी, कुणाला कुठली ते नशीब ठरवणार, डॉक्टरची मर्जी नाही. इथवर ठीक. पण महाशयांनी चिठ्ठ्यांच्या आधी एक पायरी घातली. पहिले काही आठवडे सगळ्याच बायकांनी नवी गोळी घ्यायची. सोसली ती पुढे चिठ्ठीला. नाही सोसली तिला "बरंय, या आता." आणि मोजणी सुरू व्हायची ती त्यानंतर. संस्थेत सगळे या पायरीला 'चाळणी' म्हणायचे. आता चाळणी लावणं हा काही गुन्हा नाही. बायका अर्ध्यावर अभ्यास सोडून गेल्या की सगळ्यांचेच कष्ट मातीत जातात, ते टळतं. पण चाळलं तर खाली काय पडलं तेही सांगावं, एवढी साधी अक्कल घरात पीठ चाळणाऱ्या कुणालाही असते. खाली पडली होती चारातली एक बाई. कुणाची बोटं सकाळी मिटत नव्हती, कुणाला जिना उतरताना गुडघे रडवत होते, कुणाला झोप नव्हती. उरलेल्या तिघींकडे बोट दाखवून महाशयांनी जगाला सांगितलं, "ही गोळी रुग्णांना उत्तम सोसते." सोसणारच की! न सोसणारीला दाराबाहेर घालवून दार लावून घेतल्यावर आत दुसरं कोण उरणार होतं?

संस्थेत हे तोंडावर बोलणारी एकच बाई होती, आकडेमोड बघणारी. तिला सगळे आकडेबाई म्हणायचे. निबंध छापायला जाण्याआधीच्या बैठकीत ती म्हणाली, "सर, गळालेल्या बायकांबद्दल एक परिच्छेद तरी घालू या. नाहीतर वाचणाऱ्या डॉक्टरांना वाटेल, ही गोळी कुणालाच त्रास देत नाही."

"वाटू दे की. त्यात वाईट काय?"

"ज्या बाईला त्रास होईल तिला वाटेल, आपल्यातच काहीतरी खोट आहे."

"बाई, तुम्ही आकडे मोजा," महाशय म्हणाले. "बायकांना काय वाटतं ते मोजायचं यंत्र अजून निघालेलं नाही. आणि त्या गळालेल्यांचं म्हणाल तर नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!"

टेबलाभोवतीचे सगळे हसले. साहेब हसले की हसायचं, ही विद्या तिथे पहिल्याच वर्षी शिकवतात. आकडेबाई हसली नाही. निबंधात बारीक अक्षरात एवढंच राहिलं की हे निष्कर्ष 'प्राथमिक टप्पा पूर्ण केलेल्या रुग्णांमध्ये' आहेत. ते अक्षर वाचायला भिंग लागलं असतं, आणि भिंगं सगळी पेशी बघण्यात गुंतलेली.

पुढची गंमत तर ऐका. दोनचार वर्षं तेच भाषण ठोकून ठोकून महाशय स्वतःच चाळणी विसरले! खोटारड्या माणसाला निदान आपण खोटं बोलतोय हे ठाऊक असतं. यांना तेही नव्हतं. त्यांना मनापासून वाटायला लागलं, की आपल्या गोळीचा त्रास होतच नाही, आणि ज्या बाईला होतो ती बाई नाटकी. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिले, पण शेळ्या नाहीतच अशी स्वतःचीच समजूत घालून घेणारा हा पहिलाच.

अशा या थोर माणसाला 'छोट्या' म्हणणारी जगात एकच व्यक्ती होती. त्यांची ताई.

ताईचं बस थांब्यामागच्या गल्लीत सलून होतं. दोन खुर्च्या, दोन आरसे, कोपऱ्यात केस धुवायचं भांडं, दारामागे झाडू आणि सुपली. लहानपणी आई-वडील दोघं कामावर, तेव्हा छोट्याला शाळेत सोडणं, आणणं, मारामारी करून आला तर कान उपटणं आणि महिन्याच्या महिन्याला त्याचे केस कापणं हे सगळं ताईकडे होतं. बाकीचं सुटलं, केस कापणं राहिलं. दर महिन्याला महाशय तिच्या खुर्चीत येऊन बसायचे, गळ्याभोवती चादर बांधून घ्यायचे आणि आरशातून तिला आपले पराक्रम सांगायचे. ताई "हो का", "अगंबाई" करत कात्री चालवायची. खरं सांगायचं तर तिला निम्मं कळत नसे. पण भावाचा अभिमान होता. गिऱ्हाइकांना ती सांगायची, "आमच्या छोट्याने शोधलीय ती गोळी." एवढ्या मोठ्या जगात त्यांच्यावर फुकट प्रेम करणारी ती एकच होती, आणि महाशयांना ते जन्मसिद्ध हक्कासारखं वाटायचं.

मग ताईलाच गाठ आली. आंघोळ करताना तिच्या हाताला लागली. महाशयांच्या भाषेतल्या खाटकाने ती इतकी नीट काढली की व्रणसुद्धा शोधावा लागावा, आणि भट्टीवाल्यांनी किरण वेळच्या वेळी दिले. ताई निळ्या पट्टीवरून रोज चालत गेली, रोज चालत आली. तिचा डॉक्टर म्हणजे महाशयांचाच जुना विद्यार्थी. गोळ्यांची वेळ आली तेव्हा त्याने विचारलं, "दोन गोळ्या आहेत, ताई. दोन्ही चालतील."

"छोट्याचीच द्या," ताई म्हणाली. "घरचं दुकान असताना बाजारात कोण जातं?"

दोनतीन महिने गेले असतील. महाशय केस कापायला आले. ताईने कात्री उचलली, कानामागे दोनदा चालवली आणि कात्री खण्णकन फरशीवर पडली. तिने उचलली. थोड्या वेळाने पुन्हा पडली.

"काय गं, लक्ष कुठंय?"

"लक्ष इथंच आहे. बोटं ऐकत नाहीत." तिने हात पुढे केला. सांधे सुजलेले, मूठ अर्धीच मिटत होती. "सकाळी तर नळसुद्धा सुटत नाही रे मला. चार गिऱ्हाइकं परत पाठवली. तुझी ती गोळी सुरू केल्यापासून झालंय हे."

महाशय हसले. भाषणानंतर कुणी बावळट प्रश्न विचारला की हसायचे, तसं. "ताई, माझ्या अभ्यासात हा त्रास जवळपास कुणालाच नाही. केवढ्या बायका होत्या, ठाऊक आहे? तुझं वय झालंय, दुसरं काही नाही. गरम पाण्यात हात बुडवून बस."

"कुणालाच नव्हता?"

"अगं, नव्हता म्हणजे नव्हता. तू उगाच मनाला लावून घेतेस."

ताई आरशात त्यांच्याकडे बघत राहिली, मग कात्री डाव्या हातात घेऊन तिने कसेबसे केस पुरे केले. तिचा चेहरा ओशाळला होता. महाशयांनी तो पाहिला नाही, कारण ते स्वतःचा भांग बघत होते.

त्यानंतर महाशयांनी जे केलं त्याला माझ्याकडे चांगला शब्द नाही आणि वाईट शब्द छापता येत नाही. ताईच्या डॉक्टरने त्यांना आपणहून फोन केला. "सर, ताईंना फार त्रास होतोय. जुनी गोळी देऊन बघू का? काम तेच करेल, सांधे सुटतील."

जुनी गोळी! आणि महाशयांच्या सख्ख्या बहिणीला! उद्या ही बातमी पसरली तर? भाषणात उभं राहून कुठल्या तोंडाने बोलायचं? "काही गरज नाही," महाशय म्हणाले. "ताई जरा हळवी आहे. तिच्या बोलण्याकडे फार लक्ष देऊ नका." विद्यार्थ्याने गोळी बदलली नाही. अजून सरांच्या शिफारशींची गरज होती बिचाऱ्याला. एक गोळी बदलायची, केवढीशी गोष्ट! कागदावर एक ओळ खोडून दुसरी लिहायची होती. त्या ओळीवर एका बाईचा जीव टांगलेला होता, आणि महाशयांना आपलं भाषण दिसत होतं.

पुढे काही महिन्यांत ताईची बोटं सुधारली. कात्री पूर्वीसारखी सपासप चालायला लागली. महाशयांनी आरशात बघतच तिचा हात पकडला. "बघ! म्हटलं होतं ना? शरीराला सवय होते. हातच्या काकणाला आरसा कशाला!"

"हो रे," ताई म्हणाली. "झाली सवय."

मग काय, महाशयांना नवा दाखलाच मिळाला. प्रत्येक भाषणाच्या शेवटी ते आवाज हळवा करून सांगायला लागले, "आणि ही गोळी मी माझ्या सख्ख्या बहिणीला दिली आहे. सुरुवातीला थोडी कुरकुर होती तिची. आज ती पूर्वीसारखी काम करते आहे." टाळ्या पडायच्या. एकदा ताईलाही त्यांनी पुढच्या रांगेत नेऊन बसवलं, उभं केलं, लोकांना दाखवलं. ताईने हात जोडले आणि पटकन खाली बसली. मागच्या रांगेतून आकडेबाई तिच्याकडे बघत होती. आख्ख्या सभागृहात टाळ्या न वाजवणाऱ्या त्या दोघीच.

तिसऱ्या वर्षी ताईची पाठ दुखायला लागली. उभं राहून काम करणाऱ्या बाईची पाठ दुखायचीच, असं ती म्हणत राहिली. शेवटी तिच्या मुलीने, म्हणजे महाशयांच्या भाचीने, तिला ओढत तपासणीला नेलं आणि मग फोन केला. "मामा, मणक्यात आलंय. डॉक्टर म्हणतात, आता पूर्ण बरं व्हायचं नाही, फक्त लांबवता येईल."

महाशय खुर्चीत बसून राहिले. वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही, वाटलं. बहीण होती. पण वाईट वाटणं रांगेत दुसरं उभं होतं. पहिलं उभं होतं ते वेगळंच. जीवनगौरव पुरस्कार आठवड्यावर आला होता. देशोदेशीचे लोक येणार होते. आणि ज्या बहिणीचा दाखला गावोगाव देत फिरलो तिच्यावरच आपली गोळी फसली! आता विरोधकांना आयतं कोलीत. कपाळ! कशी फसली? का फसली? विचार करकरून त्यांचं डोकं फुटायची वेळ आली. त्या सगळ्या विचारात ताईचा जीव कुठे होता ते विचारू नका.

दुसऱ्या दिवशी ते सलूनमध्ये गेले. ताई उंच स्टुलावर बसून काम करत होती. दारातल्या बाकावर एक गिऱ्हाईक मासिक चाळत होतं. भावाला बघून ताई म्हणाली, "ये. बस. पुरस्काराला असा झिपऱ्या घेऊन जाणार होतास की काय?"

तिने चादर बांधली. महाशय आरशातून बघत म्हणाले, "ताई, मला खरं सांग. गोळी रोज घेत होतीस ना? एखाद दिवस चुकली असेल?"

कात्री थांबली.

"घेतच नव्हते रे मी," ताई म्हणाली. "बोटं आखडली होती ना, तेव्हाच सोडली. पोरगी आठवड्याची डबी भरून ठेवायची. मी रोज सकाळी एक गोळी काढायची आणि खाली टाकायची. केसांबरोबर झाडून जायची."

आणि महाशयांचे खांदे खाली आले. कपाळावरची आठी सुटली. छातीतून एक लांब श्वास बाहेर पडला. गोळी फसली नव्हती! गोळी घेतलीच नव्हती! क्षणभरच झालं हे सगळं, पण जन्मभर आरशात लोकांचे चेहरे बघत आलेल्या बाईपासून तेवढंही लपत नाही.

"बरं वाटलं ना तुला?" ताईने विचारलं.

"काहीतरीच काय, ताई!" महाशय चादरीत चुळबुळले. मग त्यांना राग आला, कारण पकडल्या गेलेल्या माणसाला आधी रागच येतो. "पण हा काय मूर्खपणा! सांगायचं नाही मला?"

"सांगितलं होतं. याच खुर्चीत. तू हसलास." कात्री पुन्हा चालायला लागली. "मला वाटलं, एवढ्या बायका मुकाट घेतात, कुणाला काही होत नाही, मग मलाच का? तुझीच बहीण नखरे करते म्हणतील. नंतर तू मला लोकांपुढे उभं केलंस. मग तर तोंडच उघडता येईना. आपलेच दात, आपलेच ओठ. हात चालले नाहीत तर मी खाणार काय, आणि सांगितलं तर तुझी फजिती. म्हटलं, असू दे. आपल्यात सोसायची ताकद नाही, तर गप्प तरी बसावं."

बाकावरच्या गिऱ्हाइकाने मासिकाचं पान उलटलं.

"एक विचारू?" ताई म्हणाली. "त्या तुझ्या बायकांना खरंच काही होत नव्हतं का रे?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा महाशयांना चाळणी आठवली. खोटं बोलता आलं असतं. पण मान तिच्या हातात होती, कात्री कानाशी होती, आणि समोर आरसा होता.

"होत होतं," ते म्हणाले. "काही जणींना."

"मग त्या कुठे गेल्या?"

"त्यांना आधीच काढून टाकलं होतं. मोजायच्या आधी."

"त्यांचं पुढे काय झालं?"

"दुसरी गोळी दिली असेल त्यांच्या डॉक्टरांनी. जुनी."

"ती चालते?"

"चालते."

ताईने कंगव्याने मागचे केस उचलले, ओळ धरली आणि कापली.

"मग मला का नाही रे काढलंस?" ती म्हणाली.

ताईने उत्तराची वाट पाहिली नाही. केस मात्र तिने नीट पुरे केले, हातातलं काम अर्धवट टाकायची तिला सवय नव्हती. मानेवरचे बारीक केस ब्रशने झटकले. चादरीची गाठ सोडली आणि चादर जमिनीवर झाडली.

"उठा, डॉक्टर," ती म्हणाली. "पुढचं गिऱ्हाईक थांबलंय."